मायेची साक्ष

दिवाळीत घरोघर माणसे जमतात आणि जमली की एकमेकांची मुले निरखू लागतात. ‘‘अजून बोलत नाही?’’ भाऊबीजेला आलेली आत्या हे आपुलकीनेच विचारते. लगेच कोणी म्हणते, ‘‘त्याचा मामाबी चार वर्साचा झाल्यावर बोलला.’’ फराळाचे ताट पुढे येते आणि विषय मिटतो. मुलाच्या आईपुरता मात्र तो मिटत नाही.

वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात इंझोरी नावाचे गाव आहे. अशा गावातील एखादी आई तीन वर्षांच्या मुलाला वाचा-उपचारासाठी आणि स्वमग्नतेच्या तपासणीसाठी शहरात नेणार असेल, तर तिने तयारी कशाची करावी? प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो. मला तो नीतीचा वाटतो. सोयाबीन घरात यायचे, कापूस वेचणीला आलेला. अशा दिवसांत मजुरी बुडवून ती निघते. मुलगा तिथे चांगला दिसावा असे तिला वाटणारच. म्हणून आदल्या रात्री ती त्याच्याकडून ‘‘नाव काय तुझं?’’ हे घोकून घेते. शाळेने आपल्या हाडीमाशी खिळवलेली ही सवय! तपासणारा मुलाला तासभर पाहील. उरलेल्या तीन वर्षांची साक्ष तिलाच द्यायची आहे.

आणि साक्ष म्हणजे आपल्याच लेकराचे उणे परक्यापुढे मांडणे. ‘‘हाक मारली तर वळून पाहतो?’’ नाही. ‘‘इतर मुलांत खेळतो?’’ नाही. ज्याची दृष्ट काढली त्याच्याविषयीच हे बोलायचे. हा मायेचा द्रोह नव्हे काय?

या दुखण्याचा इतिहासच एका बापाच्या साक्षीने सुरू होतो. अमेरिकेतील मिसिसिपीच्या एका वकिलाने १९३८ साली आपल्या मुलाविषयी लिओ कॅनर या डॉक्टरला ३३ टंकलिखित पानांचे पत्र पाठवले. मुलगा एकटा असला की सुखी असतो, वस्तू गरगर फिरवत बसतो, हे त्याने लिहिले. आणि दोन वर्षांचा होण्याआधीच त्याची स्मरणशक्ती विलक्षण होती, हेही लिहिले. कॅनरच्या १९४३ च्या प्रसिद्ध लेखात ११ मुलांची हकीकत आहे; त्यातला पहिला हाच मुलगा. पुढे मात्र त्याच कॅनरने आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखवले आणि १९६७ साली बेटलहाइमने तर आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. जुळ्या मुलांवरील १९७७ च्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला तेव्हा कोठे तो आरोप ढिला पडला. आपल्या गावात तो अद्याप सुटलेला नाही. फक्त ग्रहणाच्या जागी आईचा मोबाइल आला आहे, इतकेच.

त्या वकिलाच्या पत्रात माया आणि सत्य एकत्र नांदत होती. लपवणे ही माया नव्हे, तसेच नुसत्या उण्यांची यादी हेही सत्य नव्हे. मुलाला चेंडू हवा असला की तो काय करतो? बोटाने दाखवतो, की आईचे मनगट धरून तिचा हात एखाद्या अवजारासारखा चेंडूकडे नेतो? आणि काही नको असतानाही, केवळ ‘‘ते बघ’’ म्हणून, चांदोबाकडे कधी बोट करतो का? हा दुसरा प्रश्न फार मोलाचा. मागण्याखेरीज काही वाटून घेण्याची ओढ त्यात दिसते. पूर्वी म्हणत असलेला एखादा शब्द हरवला आहे काय, हेही आठवून ठेवावे. घरचे दोनचार प्रसंग मोबाइलवर टिपून नेले तर उत्तम. परक्या खोलीत मूल निराळेच वागते. (बदनाम मोबाइल इथे साक्षीदार होतो!) आणि पाठीमागे टाळी वाजवली, त्याने वळून पाहिले, म्हणजे कान तपासून झाले असे नव्हे. ती तपासणी आधी रीतसर व्हायला हवी.

निदानाला महिने लागले तरी बोलण्याचा सराव त्यासाठी थांबवायचे कारण नाही. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला अपंगत्वांच्या यादीत स्थान दिले आहे. प्रमाणपत्राचा उपयोग पुढे होईल. त्या कागदाच्या आदल्या दिवशीचे आणि दुसऱ्या दिवशीचे मूल एकच असते, हे मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

या भागात बंजारा वस्ती मोठी आहे. घरी गोरमाटी, अंगणवाडीत मराठी; तेव्हा ‘‘दोन भाषांनी पोर गोंधळलं’’ असे सर्रास म्हटले जाते. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता येत नाही. पण तपासणाऱ्याला गोरमाटी येत नसेल, तर मुलाने म्हटलेले ‘याडी’ त्याला निरर्थक बडबड वाटेल. म्हणून मुलाचे घरचे शब्द, अर्थासह, कागदावर लिहून न्यावेत. मुलाजवळ शब्द सहाच असतील, तर त्यांतला ‘आई’ असा मोजणीतून गळू नये.