वाचले ते सांगावे का?

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत, नवव्या अनुवाकात, माणसाने आयुष्यभर करावयाच्या गोष्टींची यादी आहे : ऋत, सत्य, तप, दम, शम, अग्निहोत्र, अतिथिसत्कार, संतती. यांतल्या प्रत्येक गोष्टीला स्वाध्याय आणि प्रवचन यांची जोड दिलेली आहे. सत्य पाळावे आणि स्वाध्याय-प्रवचनही करावे, पाहुण्याचा आदर करावा आणि स्वाध्याय-प्रवचनही करावे, अशी ती रचना. शेवटी तीन आचार्यांची मते येतात. राथीतराला सत्य श्रेष्ठ वाटते, पौरुशिष्टीला तप, आणि नाक मौद्गल्याला केवळ स्वाध्याय-प्रवचन. तेच तप, असे तो म्हणतो. स्वाध्याय म्हणजे आपले वाचणे, घोकणे, मनन करणे. प्रवचन म्हणजे ते दुसऱ्याला सांगणे. ही दोन कामे उपनिषदाने एका जोखडाला का जुंपली, हा धर्मचिंतनातला जुना आणि अजूनही जिवंत प्रश्न आहे. एखादा ग्रंथ वाचताना जो आनंद होतो तो ज्याचा त्याचा असतो. मग तो सांगायचा कशासाठी, आणि सांगता तरी येतो का?

आक्षेप तीन आहेत. पहिला असा की अनुभव शब्दांतून दुसऱ्याकडे जात नाही, जातो तो त्याचा गोषवारा. दुसरा, ‘मी सध्या हे वाचतो आहे’ या सांगण्यात ग्रंथापेक्षा ‘मी’ मोठा होतो. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पढतमूर्खाची लक्षणे सांगायला अख्खा समास खर्च केला, तो हा धोका ओळखूनच. तिसरा आक्षेप अधिकाराचा : कोणाला सांगावे आणि कोणाला सांगू नये?

या आक्षेपांचा विचार हवेत करण्यापेक्षा एका गावाच्या आधाराने करणे बरे. झाशीहून कानपूरच्या रस्त्याने सुमारे तीस किलोमीटरवर चिरगाव लागते. हिंदीचे राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्त यांचे हे गाव. त्यांचा जन्म इथे ३ ऑगस्ट १८८६ रोजी झाला. वडील सेठ रामचरण हे रामभक्त वैष्णव, स्वतः पदे रचणारे. रामकथा या घरात पोथीत बांधून ठेवलेली नव्हती, ती रोज बोलली जात होती. धाकटे बंधू सियारामशरणही पुढे कवी आणि कादंबरीकार झाले. गीतेचा आणि धम्मपदाचा हिंदी अनुवाद त्यांनी केला, म्हणजे वाचलेले सांगण्याचाच मार्ग धरला. मैथिलीशरणांनी मायकेल मधुसूदन दत्तांचे ‘मेघनादवध’ ‘मधुप’ या टोपणनावाने बंगालीतून हिंदीत आणले. मूळ ग्रंथाचे सुख वाटायचे असेल तर आपले नाव मागे ठेवता येते, हे त्या टोपणनावातून आपसूक दिसते.

गुप्तांचे सर्वांत मोठे काव्य ‘साकेत’ हे वाचलेले सांगण्याच्या साखळीतून जन्माला आले. साखळीचे पहिले टोक कलकत्त्यात आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी प्राचीन काव्ये वाचताना कवींनी उपेक्षिलेल्या स्त्रियांवर एक निबंध लिहिला. त्यात लक्ष्मणाची पत्नी उर्मिला होती. वाल्मीकींनी विवाहानंतर तिच्याकडे जवळजवळ वळून पाहिलेले नाही. पती चौदा वर्षे वनात आणि ती अयोध्येच्या वाड्यात, पण काव्यात तिचा आवाज नाही. हा धागा पुढे महावीरप्रसाद द्विवेदींनी उचलला. ‘सरस्वती’ मासिकाचे ते संपादक. १९०८ मध्ये, कवींच्या उर्मिलेविषयीच्या उदासीनतेवर, त्यांनी टोपणनावाने लेख लिहिला. मराठी वाचकाला इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. द्विवेदी काही काळ मुंबईकडे होते, मराठी साहित्याशी त्यांचा चांगला परिचय होता, आणि मराठी कविता संस्कृत वृत्तांत चालते हे पाहून हिंदीतही त्या वृत्तांचा त्यांनी आग्रह धरला. वाचलेले सांगणारा माणूस एका भाषेचे दुसऱ्या भाषेवर असे ऋण करून ठेवतो. संपादक होण्याआधीपासून ते झाशीत रेल्वेत नोकरीला होते आणि चिरगावच्या तरुण कवीला त्यांचे मार्गदर्शन लाभले. तोच उर्मिलेचा विषय घेऊन गुप्त पुढे अनेक वर्षे झिजले. १९३१ मध्ये ‘साकेत’ बारा सर्गांत पूर्ण झाले. नववा सर्ग सगळा उर्मिलेच्या विरहाचा आहे.

साखळीचा पुढचा दुवा पुण्याचा आहे. १९३२ मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. सोबत वल्लभभाई पटेल, आणि मार्चपासून महादेवभाई देसाई. तुरुंगातल्या त्या त्रिकुटाचे दिवस चरख्याने आणि पुस्तकांनी भरलेले होते. वल्लभभाई पंडित सातवळेकरांच्या पाठमालेवरून संस्कृत शिकत होते. कोण काय वाचतो याची बातमी पत्रांतून बाहेर जाई आणि बाहेरची पुस्तके आत येत. ‘साकेत’ असेच आत आले. गांधीजींनी ते रस घेऊन वाचले आणि कवीला चिरगावी पत्र लिहिले. त्यात कौतुक होते आणि न पटलेलेही होते. उर्मिलेचा विषाद भाषेच्या दृष्टीने सुंदर, पण या काव्यात त्याला एवढी जागा असावी का, अशी त्यांची शंका. भक्तीने वाचायच्या रामकथेत इतके रडणे त्यांना खटकले. गुप्तांनी नम्रपणे उत्तर दिले आणि आपल्या उर्मिलेची बाजू मांडली. काव्य जसे होते तसेच राहिले.

या पत्रव्यवहारात वाचन सांगण्याची रीत अगदी जवळून दिसते. देशातला सर्वांत थोर मानला गेलेला वाचक कवीला आपली पसंती कळवतो, पण पसंतीच्या आडोशाने नापसंती लपवत नाही. कवी भक्तिभावाने नमतो, पण उर्मिलेला सोडत नाही. गांधीजींची भूमिका अशी की भक्तिग्रंथाचे काम मनाला बळ देण्याचे. गुप्तांच्या काव्यामागची भूमिका अशी की दुःखाला वाचा देणे हेही रामकथेचेच काम, कारण अयोध्येत मागे राहिलेल्यांचा वनवास वनातल्यापेक्षा हलका नव्हता. दोन्ही बाजूंना वजन आहे. तरी या प्रश्नात कवीचे म्हणणे अधिक खरे मानावे लागते. ज्या भक्तीला शेजारच्या खोलीतले रडणे ऐकू येत नाही, तिचे बळ अपुरेच. आणि गांधीजी गप्प बसले असते तर हा प्रश्न इतका स्पष्ट झालाच नसता.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर देण्याची सामग्री काश्मीरच्या आचार्यांकडे आहे. भट्टनायकाने साधारणीकरणाचा विचार मांडला : काव्यातला भाव ना एकट्या नायकाचा राहतो, ना एकट्या वाचकाचा, व्यक्तीपणाच्या खुणा गळून तो सर्वांचा होतो. अभिनवगुप्तांनी, इसवी सनाच्या हजाराच्या आसपास, ते अधिक काटेकोर केले आणि रसाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांतले एक म्हणजे समोर आलेली गोष्ट संभवनीयच न वाटणे. दुसरे, स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाणे. इथे प्रश्नाची बाजूच पालटते. रस कोणी कोणाला देत नाही, तो सहृदयाच्या ठायी आपोआप प्रकटतो. मधली विघ्ने हटली पाहिजेत एवढेच. वाचलेले सांगणाऱ्याचे काम तेवढेच आणि तितकेच मोठे. रामायण तर सगळ्यांनी ऐकलेले होते. रवींद्रनाथांनी उर्मिलेकडे बोट दाखवले तेव्हा त्यांनी वाचकाला नवे सुख पुरवले नाही, त्याच्या डोळ्यांपुढचा पडदा बाजूला केला. दुसऱ्या आक्षेपाचाही निकाल यातच लागतो. सांगणाऱ्याचा अहंकार हा त्याच्या स्वतःच्या सुखात बुडण्याचाच प्रकार आहे, म्हणून तो आधी त्याच्याच वाचनाला नडतो आणि मग ऐकणाऱ्याला. पुस्तकाचे नाव आणि आपली वाहवा एवढेच सांगितले तर पडदा आणखी जाड होतो. कोणता प्रसंग, कोणती ओळ, कुठे अडखळलो, काय पटले नाही, हे सांगितले तर ऐकणाऱ्याला आत जायला वाट मिळते.

गांधीजी येरवड्यात ‘साकेत’ वाचत होते त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगातही वाचलेले सांगण्याचे हेच काम चालले होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले. अठरा रविवार, अठरा अध्याय. श्रोते राजकीय कैदी. विद्वान थोडे, साधे कार्यकर्ते पुष्कळ. ‘गीता प्रवचने’ या पुस्तकाची भाषा आजही बोलकी वाटते, कारण ती समोर बसलेल्या माणसासाठी निघाली. एकांतात लिहिलेल्या भाष्यापेक्षा तिला वेगळा गोडवा आहे, आणि टिपून घेणारा श्रोता नसता तर ती उरलीही नसती.

राहिला अधिकाराचा आक्षेप, आणि तो सर्वांत कठीण आहे. उपनिषदातला स्वाध्याय वेदांचा होता, आणि स्त्रिया व शूद्र यांना त्यापासून दूर ठेवले गेले. प्रवचनाची थोरवी गाताना हे विसरून चालत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात सदुसष्टावा श्लोक सांगू नये म्हणतो : ज्याला तप नाही, भक्ती नाही, ऐकायची इच्छा नाही, जो दोषच शोधतो, त्याला. लगेच पुढच्या दोन श्लोकांत सांगणाऱ्याइतका प्रिय कोणी नाही असे म्हटले आहे. हे दोन आदेश एकमेकांना छेद देतात असे वाटते, पण अटी नीट पाहिल्या तर त्यांत जन्माचा उल्लेख नाही. अट ऐकण्याच्या वृत्तीची आहे. ज्ञानेश्वरांनी हे ओळखले. वेद संपन्न खरा, पण कृपण, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला, आणि हे उणे भरून काढण्यासाठी तो गीतारूपाने सर्वांसाठी पुन्हा प्रकटला, असे त्यांनी १२९० मध्ये मराठीत सांगून टाकले.

चिरगावात या मताला प्रत्यक्ष रूप होते. मुन्शी अजमेरी हे गुप्त बंधूंचे जिवलग. जन्माने मुसलमान, आचरणाने वैष्णव, कवी, आणि कविता गाऊन ऐकवण्यात व किस्से रंगवून सांगण्यात नाणावलेले. रामभक्त सेठांच्या घरी ते परके नव्हते. वैष्णव काव्य त्यांच्या तोंडून ऐकताना त्या गावाने अधिकाराची चौकशी जन्मावरून केली नाही, गळ्यातल्या भावावरून केली. गीतेच्या त्या श्लोकात अट तीच आहे.