हॅर्टाचें दुःख आणि चक्रधराचा अपराध

एकाच पुस्तकावरून दोन सुबुद्ध माणसें हमरीतुमरीवर यावीं, आणि तीं भांडणारीं माणसें त्या पुस्तकाच्या भाषेविषयीं किंवा रचनेविषयीं चकार शब्द न काढतां त्यांतील एका पात्राला शिक्षा द्यावी कीं सोडून द्यावें याचाच खल करीत बसावींत, असा मान फारच थोड्या मराठी कादंबऱ्यांना मिळाला आहे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) ही त्यांतली एक. बेडेकरांनीं पुढें चित्रपट काढले, नाटकें लिहिलीं, 'एक झाड आणि दोन पक्षी' हें आत्मचरित्र लिहिलें. कादंबरी मात्र ही एकच. वर्गांत ती निघाली कीं दोन तट पडलेच म्हणून समजावें. वर्षानुवर्षें आम्ही तें पाहत आलों आहों.

कथाभाग थोडक्यांत सांगतां येण्याजोगा आहे. उमेच्या प्रेमांत पोळलेला चक्रधर विध्वंस हा तरुण युरोपांतून बोटीनें मुंबईस परत येत आहे. त्याच बोटीवर जर्मनींतून हुसकून लावलेले यहुदी निर्वासित आहेत, आणि त्यांतच हॅर्टा आहे. त्या थोड्या दिवसांच्या प्रवासांत दोघांचें प्रेम जडतें. मुंबई येते, तो उतरतो, ती बोटीवरच राहते, आणि पुढल्या प्रवासांत ती समुद्रांत देह टाकते. ('विध्वंस' या आडनांवांत कांहीं वाचकांना मोठें रूपक दिसतें. आपल्याकडे हें आडनांव सरळ साधें प्रचारांत असल्यामुळें आम्हांला त्याची गरज भासलेली नाहीं.)

पहिला तट फिर्यादीचा. चक्रधरानें एका निराधार मुलीला आशा दाखविली आणि ऐन वेळीं तो आपल्या घरचा रस्ता धरून चालता झाला, असें या वाचकांचें म्हणणें. दुसरा तट बचावाचा: मारेकरी तो नव्हे, काळ, एका बेकार तरुणाच्या हातीं होतें तरी काय? एक तिसरा वर्गहि आहे. त्याला हें सगळें प्रकरणच अवास्तव वाटतें. चार दिवसांची ओळख ती काय, आणि तिच्यापायीं जीव देणें तें काय! शिवाय परक्या मुलुखांतलें दुःख मराठींत कशाला आणायचें, असेंहि त्यांतले कांहीं विचारतात. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाहीं. परंतु 'चार दिवस' हा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे, कारण या कादंबरींतील दुःखाचें मर्म त्याच आक्षेपांत दडलेलें आहे.

तें मर्म कळण्यासाठीं बोटीवर चढण्यापूर्वीं या लोकांचें काय झालें होतें हें पाहिलें पाहिजे. १९३५ च्या सप्टेंबरांत न्युरेंबर्ग येथें झालेल्या कायद्यांनीं जर्मनींतील यहुद्यांचें नागरिकत्व गेलें. ते त्या राज्याचे केवळ अंकित उरले. १९३८ च्या ऑगस्टांत हुकूम निघाला कीं, ठराविक यादींतलें नांव ज्यांना नाहीं अशा यहुदी पुरुषांनीं आपल्या नांवापुढें 'इस्रायल' आणि स्त्रियांनीं 'सारा' हें नांव जोडावें. १ जानेवारी १९३९ पासून त्याचा अंमल सुरू झाला. त्याच्या आधींच ऑक्टोबरांत त्यांचे पासपोर्ट रद्द ठरवून, ज्यांना ते परत मिळाले त्यांच्यावर लाल रंगांत एकच अक्षर छापण्यांत आलें होतें. म्हणजे हॅर्टासारखी मुलगी बंदरावर कागद दाखवूं लागली तर त्या कागदावर तिच्या आईबापांनीं ठेवलेल्या नांवाला सरकारनें लावलेलें शेपूट असावयाचें, आणि तें शेपूट तिच्यासारख्या लाखों स्त्रियांना सारखेंच असावयाचें. एखाद्याचें नांव काढून घेण्यापेक्षां त्याला सर्वांचें नांव देणें हा अधिक पक्का उपाय आहे, हें त्या कारकुनांनीं बरोबर ओळखलें होतें.

बाहेरच्या जगानें काय केलें? १९३८ च्या जुलैंत फ्रान्समध्यें एव्हियां येथें बत्तीस राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले, हळहळले, आणि बहुतेक सर्व हात झटकून परतले. १९३९ च्या मे महिन्यांत 'सेंट लुई' ही बोट नऊशेंहून अधिक निर्वासितांना घेऊन हॅम्बुर्गहून हवानास गेली. मोजकीं माणसें सोडून बाकीच्यांना तेथें उतरूं दिलें नाहीं, अमेरिकेनेंहि घेतलें नाहीं, आणि ती युरोपांत परत आली.

आतां दुःखाचा विचार करूं. मनुष्य दुःख करतो तें कोणीतरी म्हणून करतो. मुलगा गेला तर आई म्हणून, घर जळालें तर त्या गांवचा रहिवासी म्हणून. शेजारीपाजारी येतात, दहावा-तेरावा होतो, आणि त्या सगळ्यांच्या साक्षीनें दुःखाला एक जागा मिळते. हॅर्टाचा पूर्वीचा प्रियकर त्या राजवटीनें हिरावून घेतला आहे. पण त्याच्यासाठीं रडावयाचें तें कोणी? जर्मन म्हणून तिला अधिकार नाहीं, आणि जेथें जावयाचें तेथें तिला कोणी ओळखत नाहीं. अशा माणसाला ज्या थोड्या दिवसांत कोणी कागद न मागतां हांक मारली, ते दिवस प्रेमाच्या बाजारभावानें मोजून चालणार नाहीं. त्या दिवसांत तिला नवा प्रियकर मिळाला असेल; पण त्याहूनहि अधिक म्हणजे तिची ती स्वतः तिला परत मिळाली होती. मुंबईस तेंच पुन्हां गेलें. 'चार दिवसांच्या ओळखीसाठीं' असें म्हणणाऱ्यानें हें लक्षांत घ्यावें.

एकदां ही चर्चा चालली असतां एका विद्यार्थिनीनें विचारलें कीं, आपल्याकडे लग्नांत तांदळांत नवें नांव लिहितात, तेव्हां जुन्या नांवाचें काय झालें हें कोण विचारतें? वर्गांत हंशा पिकला. आम्हांला मात्र तो प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा वाटला नाहीं. दोहोंची तुलना बरोबरीची नाहीं हें उघड आहे. तेथें द्वेष, येथें कौतुक. तेथें घर सुटतें, येथें घर मिळतें. तथापि मनुष्याचें नांव दुसऱ्यानें द्यावयाचें आणि दुसऱ्यानेंच बदलावयाचें, हा समज दोन्ही ठिकाणीं आहे. कौतुक करणारे हात बदलले कीं त्याच समजाचें काय होऊं शकतें, हें त्या मुलीला आमच्यापेक्षां लौकर दिसलें असावें.

चक्रधराकडे वळूं. फिर्यादी पक्ष त्याच्यावर वचनभंगाचा दावा लावतो. त्या दाव्यांत आम्हांस दम दिसत नाहीं. त्याचा अपराध आहे, पण तो निराळा, आणि फार सर्वसाधारण आहे. उमेनें दिलेली जखम घेऊन तो बोटीवर आला, आणि हॅर्टाचें प्रेम त्यानें त्या जखमेवरची मलमपट्टी म्हणून घेतलें. तिचें सर्वस्व गेलें होतें. त्याचा अभिमान दुखावला होता. हीं दोन दुःखें एका तागडींत घालून तो सांत्वन घेत राहिला. तिच्या मरणानंतर कथा सांगावयास तोच उरतो, म्हणून तिचें मरणहि अखेर त्याच्या दुःखाचा भाग होऊन बसतें. बेडेकरांनीं हें झांकलेलें नाहीं. निवेदन चक्रधराच्या तोंडीं घालून वाचकाला संशय घेण्यास पुरेशी जागा त्यांनीं ठेवली आहे. ज्या वाचकांना कादंबरी संपतांना रडूं येतें त्यांनीं आपण हॅर्टासाठीं रडलों कीं चक्रधराबरोबर रडलों, हें स्वतःशीं तपासून पाहण्यास हरकत नाहीं.

बचाव पक्षाचा मुख्य आधार मात्र एकच: कांहीं करणें शक्यच नव्हतें. हें विधान जसेंच्या तसें मान्य करतां येत नाहीं. हिंदुस्थानचीं दारें इंग्रजी अमलांत अर्धवट कां होईना, किलकिलीं होतीं. मुंबईंत १९३४ सालींच यहुदी निर्वासितांच्या मदतीसाठीं ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली होती. त्याच सालीं वॉल्टर कॉफमन हा संगीतकार मुंबईस आला. आकाशवाणीची ओळखीची धून त्याच्या नांवावर सांगितली जाते. वॉल्टर लँगहॅमर हा ऑस्ट्रियन चित्रकार आपल्या यहुदी पत्नीसह याच शहरांत राहिला, आणि मुंबईच्या तरुण चित्रकारांना त्याच्या घरीं मुक्तद्वार असे. परवाना हवा, नोकरीची किंवा पोटापाण्याची हमी हवी, हमी देणारा कोणी हवा. दोन दिवसांत हें जमलें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. बहुधा जमलें नसतेंच. बोट निघून गेली असती, आणि हॅर्टा शांघायला उतरली असती. १९४१ च्या नोव्हेंबरांतल्या फर्मानानें देशाबाहेरच्या यहुद्यांचें उरलेंसुरलें जर्मन राष्ट्रीयत्वहि गेलें, आणि १९४३ सालीं जपान्यांनीं शांघायच्या अशा निर्राष्ट्र लोकांना हाँगक्यू भागांत कोंडलें, त्यांत तीहि सांपडली असती. परंतु तेथें तिला पत्र गेलें असतें. पाकिटावर तिचें नांव असतें, आणि तें लिहिणाऱ्यानें मुंबईंत कोणाकोणाचे उंबरे झिजविले याची हकीकत आंत असती.