शिवगंगेपाशी, किल्ली मागून

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या देवळातला मराठी शिलालेख पाहून येतोच. भोसल्यांचा इतिहास दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली तिथं कोरून घेतला. आमचे हे तो मोठ्यानं वाचू लागले, तेव्हा रखवालदार धावत आला. मग सरस्वती महाल, मग साड्या. शेवटच्या दिवशी ह्यांना लॉजवर झोपलेलं ठेवून मी शिवगंगा तळ्याकडे एकटीच निघाले.

तळ्यापाशी १७७९चं एक चर्च आहे. दाराला कुलूप. किल्लीवाले आजोबा सापडेपर्यंत अर्धा तास गेला. आत लंडनच्या जॉन फ्लॅक्समननं घडवलेलं संगमरवरी शिल्प: अंथरुणावर शेवटच्या घटका मोजणारा पाद्री श्वार्ट्‌झ, आणि त्याचा हात हातात घेतलेले सरफोजीराजे. श्वार्ट्‌झच्या थडग्यावरची इंग्रजी कविता राजांनीच रचलेली. तिच्यात ते पाद्र्याला बाप म्हणतात.

श्वार्ट्‌झ १७५० साली हिंदुस्थानात आला तो धर्मप्रसारासाठी. तंजावरच्या तुळजाराजांनी दत्तक घेतलेल्या सरफोजी या मुलाचा तो पालक झाला, त्याच्या हक्कासाठी कंपनीकडे खटपट केली. १७९८च्या फेब्रुवारीत तो वारला, त्याच वर्षी मुलगा गादीवर बसला. मुलगा हिंदूच राहिला. पुढं काशीयात्राही करून आला.

या नात्यातली राजांची बाजू मला सोपी वाटते. त्यांचे पूर्वज मालोजीराजे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना गुरू मानत, असं परंपरा सांगते. गुरूला आपण धर्म विचारत नाही. (पंगतीत विचारतो, ते सोडा.) अवघड बाजू पाद्र्याची. ख्रिस्तावाचून तारण नाही, ही त्याची श्रद्धा. मग जीव लावलेला मुलगा तरणार नाही, हे मनात ठेवून तो त्याला वाढवत कसा असेल?

माझ्यासाठी हा प्रश्न घरचा आहे. सून वसईची, कॅथलिक. कुणी धर्म बदलला नाही. लग्नात विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते हो." माझा पारा चढला. आम्हाला काय धाड भरलीय? पुढं ह्यांची बायपास झाली, तेव्हा तीन रात्री दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी त्याच बसल्या होत्या. त्यांच्या हातात रोझरी, माझ्या ओठांवर विष्णुसहस्रनाम. त्या काय मागत होत्या, ह्यांचं हृदय की ह्यांचं तारण? मी विचारलं नाही. त्यांच्या लेखी ती दोन मागणी नसावीत.

ज्याचं त्याचं कर्म, असं म्हणून आपण किती लवकर हात झटकतो! त्याला उदारपणा म्हणतो. श्वार्ट्‌झला ती सोय नव्हती. त्याला त्या मुलाची काळजी सोडता येत नव्हती, आणि तरी त्यानं मुलाला राजा होऊ दिलं, ख्रिस्ती केलं नाही. हे त्याचं अपयश म्हणायला मी तयार नाही.

विहीणबाईंना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं: "हे चर्च आमच्यातलं नाही हो, प्रॉटेस्टंट दिसतंय. पण हात धरलेला तो कोण?"