‘झेपेल का?’

गुलमंडीवरून औरंगपुऱ्याकडे जून महिन्यांत चालत जाणें कठीण होतें. कापडदुकानांपुढची गर्दी बारमाही. तिच्यांत या दिवसांत वह्या-पुस्तकांच्या पिशव्या सांभाळणाऱ्या आईबापांची भर पडते. अशाच एका संध्याकाळीं एका पुस्तकांच्या दुकानाच्या पायरीवर आम्ही आमच्या पाळीची वाट पाहत उभे होतों. पुढें एक गृहस्थ आणि त्यांची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. दहावीचा निकाल चांगला लागला असावा, कारण गृहस्थांच्या चेहऱ्यावर समाधान होतें. मुलीनें यादी पुढें केली. तिच्यांतल्या एका नांवावर बोट ठेवून वडील दुकानदाराला म्हणाले, “हें फिजिक्स फार जड असतें म्हणतात. हिला झेपेल का?” मुलगी यादीकडे पाहत राहिली. प्रश्न तिच्याविषयीं होता, पण तिला विचारलेला नव्हता.

त्या गृहस्थांना दोष देण्याचें धैर्य आम्हांला झालें नाहीं. हाच प्रश्न आमच्या घरींही विचारला गेला आहे, आणि तो आम्हींच विचारला आहे. त्यांत दुष्टपणा नव्हता. होती ती माया. मुलीनें रात्ररात्र जागूं नये, अपयश येऊन हिरमुसूं नये, एवढाच हेतु. ज्या अन्यायांत द्वेष असतो तो चटकन ओळखतां येतो. मायेनें केलेला अन्याय ओळखावा कसा?

कमला भागवत (पुढें सोहोनी) यांची १९३३ सालची हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन त्यांनीं मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीनें मिळविली आणि बंगळूरच्या विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला. संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. स्त्री म्हणून अर्ज नाकारला गेला. भागवतबाई स्वतः बंगळूरला गेल्या, सत्याग्रहाची भाषा बोलल्या, आणि एक वर्ष कसोटीवर, मनाला बोचणाऱ्या अटी घालून, त्यांना आंत घेण्यांत आलें. वर्षअखेर रामन यांचें मत पालटलें व त्या संस्थेचें दार स्त्रियांना उघडलें. बाईंनीं १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. ती जीवरसायनांत, हेंही येथें सांगितलें पाहिजे, नाहींतर कोणी आमच्यावर ओढाताणीचा आरोप करील. आमचा मुद्दा निराळाच आहे. रामन यांनीं स्पष्ट ‘नाहीं’ म्हटलें. ‘नाहीं’ म्हणणाऱ्याच्या दारांत ठाण मांडून बसतां येतें. पण ‘झेपेल का, बाळ?’ असें कळवळून विचारणाऱ्या बापाच्या दारांत मुलीनें सत्याग्रह तरी कसा करावा?

आमचे एक स्नेही स्वभावानें मोठे उदार आहेत. ते म्हणतात, उत्तेजन ही देखील एक सौम्य सक्तीच होय. मुलीला जें आवडेल तें तिनें घ्यावें, तिला पदार्थविज्ञानाकडे ढकलणारे तुम्ही कोण? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. मुलगे ढकलले जाऊन इंजिनियर झालेले आणि जन्मभर कुढलेले आम्हीं पाहिले आहेत. तोच प्रकार मुलींच्या बाबतींत करणें ही कांहीं सुधारणा नव्हे.

परंतु आवड ही वस्तु पोकळींत उगवत नाहीं. डॉ. रोहिणी गोडबोले यांनीं आपल्या शाळेविषयीं लिहिलें आहे. पुण्याची हुजूरपागा, १८८४ पासून मुलींना शिकविणारी नामांकित शाळा. तरी त्यांच्या वेळीं तेथें सातवीपर्यंत मुलींना शास्त्राऐवजीं गृहशास्त्र असे. पुढें त्या मूलकणांच्या अभ्यासांत जगन्मान्य झाल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें निवर्तल्या. त्यांच्या वर्गांतल्या ज्या मुलींना गृहशास्त्र ‘आवडलें’, त्यांनीं तें कशांतून निवडलें होतें?

आणि शाळेला नांवें ठेवण्यापूर्वीं आपलें घर पाहावें. घरांतला फ्यूज उडाला कीं आम्ही मुलाला हांक मारीत असूं. त्याच्या हातीं टेस्टर. मुलीच्या हातीं मेणबत्ती, ती त्याला उजेड दाखविण्यापुरती. मोडका रेडिओ उघडण्याची मुभा त्याला, आणि त्यानें केलेला पसारा आवरण्याचें काम तिला. दहा वर्षें असें चालल्यावर आम्हीं दोघांना समोर बसवून मोठ्या निःपक्षपातीपणें विचारलें, “तुम्हांला कशाची आवड आहे?” त्याचें उत्तर तयार होतें. तिचें नव्हतें, आणि तें नसणें हीच तिची आवड असें आम्हीं धरून चाललों.

मौज अशी कीं, मुलीला डॉक्टर करावयाचें ठरलें म्हणजे हेंच पदार्थविज्ञान घ्यावें लागतें. त्या वेळीं ‘झेपेल का’ असें सहसा कोणी विचारीत नाहीं, उलट शिकवणीचे हजारों रुपये मोजतात. तेव्हां शंका तिच्या बुद्धीविषयीं नाहीं हें उघड झालें. मग शंका आहे ती कशाविषयीं? एखादी मुलगी निव्वळ विश्व कसें चालतें या कुतूहलापायीं चार वर्षें घालवूं शकेल, आणि तशीं घालविण्याचा तिला अधिकार आहे, हें मनाला पटत नाहीं. हें कौतुकाचें व्यसन आपण मुलांसाठीं राखून ठेवलें आहे.

या शहरांत तर कुतूहलाला साधनांची वाण नाहीं. गुलमंडीपासून पाणचक्की कांहीं लांब नाहीं. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें नहर खोदून येथें पाणी खेळविलें. त्याच धर्तीच्या दुसऱ्या एका नहरीचें पाणी मातीच्या नळांतून पाणचक्कीला येतें. उंचावरून निघालेलें पाणी बंद नळांतून उतरतें, आपल्याच वजनाच्या दाबानें पुन्हां भिंतीवर चढतें, आणि तेथून पडतांना पात्यांना ढकलून जातें फिरवितें. पाहुणे आले कीं आपण त्यांना तेथें नेतों, फोटो काढतों, वर मक्याचें कणीस खाऊन परततों. ‘पाणी वर कसें चढलें?’ हें सोबतच्या मुलीला एकदां तरी विचारलें आहे काय? प्रेशर कुकरांत डाळ लवकर कां शिजते, हाही प्रश्न चांगला आहे. वाफ कोंडल्यानें पाणी शंभराऐवजीं सुमारें एकशेंवीस अंशांवर उकळतें. पण मुलींना शास्त्र शिकवावयाचें म्हणजे उदाहरण स्वयंपाकघरांतलेंच घ्यावयाचें, ही रीत आम्हांला रुचत नाहीं. तिला पाणचक्कीवर न्यावें.

दुसरी एक चूक सुशिक्षितांच्या हातून होते. ते मुलीपुढें मादाम क्यूरीची तसबीर ठेवतात. २०२३ पर्यंत पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक पांचच स्त्रियांना मिळालें. १९०३ नंतरची दुसरी थेट १९६३ सालीं, आणि त्या मारिया गेपर्ट-मायर यांनीं कित्येक वर्षें बिनपगारी संशोधन केलेलें. असें चरित्र वाचून सोळा वर्षांची मुलगी एवढेंच शिकते कीं, आपण अलौकिक असलों तरच या वाटेला जावें. मुलांना ही अट कोण घालतें? साधारण बुद्धीचे शेंकडों मुलगे दरसाल हा विषय घेतात, एखाद्या परीक्षेंत गचकतात, पुन्हां बसतात. त्यावरून ‘मुलांना पदार्थविज्ञान झेपत नाहीं’ असा सिद्धान्त कोणी काढीत नाहीं. मुलगी एकदां अडखळली कीं सबंध स्त्रीजात अडखळली! तिला या विषयांत साधारण असण्याची मोकळीक मिळावी, एवढेंच आमचें मागणें आहे. जुलै २०२४ मध्यें राज्य सरकारनें आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या अनेक कुटुंबांतील मुलींचें व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शुल्क माफ केलें, तें उत्तमच झालें. पण ही मोकळीक सरकार देऊं शकत नाहीं.

याच मराठवाड्यांत, हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथाजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास एप्रिल २०२३ मध्यें केंद्रानें मंजुरी दिली. खर्च सुमारें २६०० कोटी रुपये. काटकोनांत चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबींत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म फरक पडला तर तो ओळखावयाचा. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला आपण मुलींना घेऊन जातोंच. त्या वेधशाळेंत रात्रपाळीला कोणाच्या मुली बसतील, हें आज कोणत्या तरी दुकानाच्या पायरीवर ठरत असेल.

आमच्यापुढच्या गृहस्थांनीं अखेर तें पुस्तक घेतलें. पैसे देतां देतां दुकानदाराला हळूच म्हणाले, “नाहींच जमलें तर आठ दिवसांत परत घ्याल ना?” दुकानदारानें मान डोलावली. मुलीनें तोंवर काउंटरवरचें पेन उचलून पहिल्या पानावर आपलें नांव लिहिलें होतें.