दिवा कुणासाठी लागतो

यवतमाळहून समुद्र शेकडो मैल दूर. तरी मुंबईच्या दीपगृहांची गोष्ट वऱ्हाडाच्या कापसाला वगळून सांगता येत नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. युद्ध संपताच भाव कोसळले, मुंबईतल्या बँका बुडाल्या. पण बंदराचा पसारा वाढला तो वाढलाच. 1867 मध्ये खांदेरी बेटावर दीपगृह उभं राहिलं. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी ज्या बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं, तेच हे बेट. 1875 मध्ये कुलाब्याच्या टोकापुढे प्राँग्सचा दिवा लागला. तिथला खडक भरतीला पाण्याखाली जातो. दिसत नाही, म्हणूनच तो घातक. थॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याने त्यावर उंच मनोरा चढवला. त्याच 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांची कर्जखतं जाळत होते. भाव पडल्याचा फटका त्यांनाही बसला होता, पण त्यांच्या वाटेवर कुणी मनोरा बांधला नव्हता.

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे धावू लागली. तिने नेलेल्या गाठी मोठ्या रेल्वेने मुंबईला आणि तिथून बोटीने परदेशी जात. म्हणजे आमच्या बोंडांतला कापूस त्या दिव्यांसमोरून गेला. माल सुखरूप पोचावा याची काळजी वाटेत पदोपदी घेतलेली होती. माल पिकवणाऱ्याची काळजी मात्र त्याच्या एकट्याच्या खांद्यावर राहिली.

दीपगृहाचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक दिव्याची उघडझाप वेगळी; खलाशाने सेकंद मोजले की आपण कुठे आहोत हे त्याला कळतं. समोरच्याची भाषा कोणती, तो शिकलेला आहे का, हे दिवा विचारत नाही. धोका जिथे आहे तिथेच तो उभा असतो, आणि अंधारात दिसतो.

आता 2017 चा यवतमाळ जिल्हा आठवा. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, पाठीवर पंप, आणि कीटकनाशकाचा फवारा थेट तोंडावर येणारा. त्या हंगामात विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. इशारा दिलेला नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही. डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण होता, आत घडी घातलेला कागद होता, त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत अनेक भाषांतल्या सूचना होत्या. पण डबा बहुधा बांधावर मालकाजवळ राहतो आणि पंप मजुराच्या पाठीवर असतो. ज्याच्या नाकातोंडात विष जातं, त्याच्यापर्यंत तो कागद पोचतच नाही. असा इशारा कायद्याचं समाधान करतो, माणसाला वाचवत नाही.

समुद्रावर इशारा पोचवण्याचा प्रश्न पैशाच्या अंगानेही सोडवला गेला. 1927 च्या दीपगृह कायद्याने बंदरात येणाऱ्या जहाजांवर दिव्याचा कर बसवला आणि त्यातून दिवे पेटते राहिले. खडकापासून वाचलेल्या प्रत्येक जहाजाकडून वेगळा हिशेब मागत बसायची गरज उरली नाही. कीटकनाशकाच्या प्रत्येक लिटरमागे उत्पादकाकडून असाच कर घ्यावा. त्यातून मजुराला मुखपट्टी, हातमोजे आणि अंगभर कपडे फुकट मिळावेत, आणि फवारणीच्या दिवसांत गावोगाव एक जाणता माणूस नेमावा, जो सकाळी शेतात जाऊन वारा कुठून वाहतोय ते बघेल आणि गरज पडली तर पंप खाली ठेवायला लावेल.