दाराबाहेरचा भाऊ

वाचन : लूक १५:११-३२



मुलीच्या नोकरीनिमित्त गेल्या वर्षी काही दिवस म्हैसूर येथे राहण्याचा योग आला. राजवाडा पाहिला, चामुंडी टेकडीही पाहिली; परंतु मन रेंगाळले ते 'उदयरवी' नावाच्या एका घरापाशी. कन्नड महाकवी कुवेंपू यांचे हे निवासस्थान. मलनाडातील खेड्यातून आलेला हा मुलगा म्हैसूरच्या वेस्लियन मिशनच्या हायस्कुलात शिकला, महाराजा कॉलेजात अध्यापक झाला आणि १९५६ मध्ये म्हैसूर विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्यांच्या 'श्रीरामायण दर्शनम्' या महाकाव्याला १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, आणि १९६७ च्या ज्ञानपीठाचा मान कन्नडला प्रथम मिळाला तोही याच काव्यामुळे.

या काव्यातील एका सर्गाचे नावच मंथरेला ममतेचा भोवरा म्हणते. घरात कलह लावणाऱ्या बाईला आपण जिचे नाव देतो, त्या दासीच्या अंतःकरणात कवी उतरला, आणि तेथे तळाशी त्याला भरतावरील आंधळी माया आढळली. तिचे कृत्य त्याने चांगले ठरविलेले नाही. राम वनात गेलाच, दशरथाचा अंत झालाच. मात्र तिची बाजू ऐकल्यावर धोंडा उचललेला आपला हात जरा थबकतो. याच काव्यात सीतेच्या अग्निपरीक्षेच्या वेळी रामही अग्नीत प्रवेश करतो. परीक्षा घेणारा स्वतःच परीक्षेत उतरतो.

जुनी कथा दुसऱ्या पात्राच्या मुखाने ऐकणे मराठी वाचकाला नवे नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने १९६७ साली कर्णाला बोलते केले. म्हैसूरला दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या भैरप्पांचे 'पर्व' उमा कुलकर्णींनी मराठीत आणले. आणि आपल्या मंडळ्यांना तर 'स्मृतिचित्रे' ठाऊकच आहेत. १८९५ साली नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, ही आपल्यासाठी आनंदाची वार्ता. तीच वार्ता मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंच्या तोंडून ऐकताना आवंढा गिळावा लागतो. आनंद खोटा नव्हता, आणि तो आकांतही खोटा नव्हता.

आता माझी कबुली. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतावर मी पुष्कळदा उपदेश केला आहे, आणि दर वेळी त्या वडील भावाला झोडपले आहे. ते सोपे असते. धाकट्याच्या जागी स्वतःला बसवावे, डोळे पुसावेत आणि थोरल्याला परूश्यांच्या रांगेत उभे करावे. म्हैसूरच्या मुक्कामात मी तो अध्याय प्रथमच थोरल्याच्या शेजारी उभा राहून वाचला.

तो शेतातून येत आहे. घराजवळ येताच त्याला वाद्यांचा व नाचण्याचा आवाज ऐकू येतो. भाऊ परतल्याची बातमी त्याला कोण देतो? एक चाकर. वासरू कापले गेले, मेजवानी सुरू झाली, पण शेतावर निरोप धाडण्याचे कोणाला सुचले नाही. वाचकहो, घरातील राबता माणूस असाच गृहीत धरला जातो. त्याचा राग निराधार नाही, हे आधी मान्य करू या.

मग तो आपली कथा सांगतो, आणि येथे बारकाईने वाचले पाहिजे. इतकी वर्षे चाकरी केली, हे खरे. एक करडूही मिळाले नाही, असे तो म्हणतो. परंतु बापाने मिळकत दोघांत वाटून दिल्याचे आरंभीच सांगितले आहे. अनुवादाच्या २१ व्या अध्यायातील नियमाप्रमाणे ज्येष्ठाचा वाटा दुप्पट, म्हणजे तीनपैकी दोन हिस्से. त्याविषयी तो मौन पाळतो. पुढे म्हणतो, याने संपत्ती वेश्यांपायी घालविली. हे त्याला कोणी सांगितले? धाकट्याने उधळपट्टी केली, एवढेच प्रभूने म्हटले होते. वेश्यांची भर थोरल्याने घातली. आणि भावाला तो भाऊ म्हणत नाही. 'तुमचा मुलगा' म्हणतो.

जखम खरी, आणि तिच्याभोवती रचलेली गोष्ट अर्धी खोटी. आपल्याही तोंडी कोणाविषयी तरी अशी एखादी कथा असेल. तिच्यात डोळ्यांनी पाहिलेले किती आणि आपण घातलेले किती, हे एकदा प्रार्थनेच्या वेळी तपासून पाहावे.

बाप काय करतो? ज्याने धाकट्याकडे धाव घेतली, तोच भरल्या मेजवानीतून उठून बाहेर येतो आणि थोरल्याची विनवणी करतो. त्याच्या हिशेबातील चूक तो काढीत बसत नाही. आपले सर्वस्व त्याचेच आहे, याची केवळ आठवण देतो. वेश्यांच्या आरोपाला तर उत्तरच देत नाही. फक्त नाते बदलून सांगतो. 'तुमचा मुलगा' याच्या जागी 'तुझा भाऊ'.

पुढे थोरला आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितले नाही. कुरकुर करणारे परूशी व शास्त्री समोरच उभे होते. ते उत्तर त्यांनी द्यायचे होते.

मलाही एक वडील भाऊ आहे. मी शिक्षणासाठी शहरात आलो व तेथेच स्थिरावलो. दादा गावी आईबाबांपाशी राहिला. आई गेल्यावर घराच्या वाटणीवरून बिनसले आणि अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. दादाने घर बळकावले, आईचे दागिनेही विकले, ही कथा मी नातलगांना सांगत आलो. मंडळीत ती प्रार्थनेची विनंती म्हणूनही मांडली. उपदेशकाला असे मार्ग सापडतात. दागिने विकताना मी पाहिले नव्हते. आणि आईच्या अखेरच्या तीन वर्षांत अंथरुणावर तिची कूस कोण बदलीत होते, हे माझ्या कथेत कधी आलेच नाही. ती माझी वहिनी होती.

म्हैसूरहूनच मी दादाला फोन केला. क्षमेविषयी काय बोलावे, याची मुद्देसूद तयारी केली होती. प्रत्यक्षात एवढेच म्हणालो, "दादा, आई गेली त्या वर्षाचं तू सांग. मी मध्ये बोलणार नाही."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "दागिने दवाखान्यात गेले." आणि पुढे सांगू लागला. दरम्यान मुलगी दोनदा जेवायला बोलावून गेली.