वगळलेले घर

सुरतेच्या उधना, लिंबायत भागात खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या या शहराने जानेवारी १६६४ मध्ये जे सोसले, त्याकडे मराठी माणसाने सरळ नजरेने पाहायला हवे. शाहिस्तेखानाने तीन वर्षे पुण्यात तळ देऊन मुलूख उजाड केला होता, स्वराज्याला पैसा हवा होता, आणि शिवाजी महाराजांनी मोगलांचे श्रीमंत बंदर गाठले. मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, रयत उघड्यावर राहिली. वीरजी व्होरांसारख्या सावकारांचे वाडे लुटले गेले, घरे जळाली. इनायतखानाने बोलणीसाठी धाडलेल्या माणसाने महाराजांवरच हल्ला केला, त्यानंतर कैद्यांचे हात तोडल्याच्या नोंदी इंग्रजांच्या कागदांत आहेत. महाराजांवर माझी श्रद्धा आहे, पण म्हणून हे झाकून ठेवावे असे मला वाटत नाही.

त्याच काळातला फ्रेंच प्रवासी बर्निये आणखी एक गोष्ट सांगतो. कॅपुचिन पाद्री अँब्रोज यांना महाराजांनी त्रास होऊ दिला नाही. डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही वगळले, कारण तो हयातीत मोठा दानधर्म करी. म्हणजे ऐन धुमाळीतही चौकशी होऊ शकत होती, हात आवरता येत होता.

अणुबॉम्बला असा हात आवरता येतो का? ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर तो पडला. वर्षअखेरपर्यंत तिथे सुमारे १,४०,००० माणसे गेली, ९ ऑगस्टच्या बॉम्बने नागासाकीत सुमारे ७०,०००. जपानच्या भूमीवर फौजा उतरवाव्या लागल्या असत्या तर याहून जास्त मेले असते, असे समर्थक म्हणतात. ओकिनावा बेटावरच्या लढाईतला रक्तपात आठवला की हे म्हणणे उडवून लावता येत नाही. पण रशियाही ८ ऑगस्टला युद्धात उतरला होता. शरणागती नेमकी कशाने आली, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही.

मला अस्वस्थ करते ती क्योतोची हकीकत. अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांनी हे प्राचीन शहर बॉम्बच्या लक्ष्यांच्या यादीतून हट्टाने काढायला लावले. मग यादीत नागासाकी आले. ९ तारखेला विमान आधी कोकुरावर गेले होते, तिथे खालचे दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. एका शहरावर दाखवलेली दया दुसऱ्याचे मरण ठरली. हे अस्त्र हाती घेतले की त्या शहरातला दानशूर कोण, तान्हे मूल कोण, हे विचारायची सोयच उरत नाही. माझा विरोध इथे आहे, आणि मेलेल्यांची बेरीज कोणत्याही बाजूला झुकली तरी तो कायम राहील.

बॉम्बच्या भयानेच जगात अहिंसा येईल, हा युक्तिवाद गांधीजींनी १९४६ मध्ये ‘हरिजन’मधून नाकारला होता. आपण मात्र १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या करून अण्वस्त्रधारी झालो. २००३ च्या भारताच्या अण्वस्त्र धोरणात पहिला वापर आपण करणार नाही असे वचन आहे, त्याचा मला अभिमान वाटतो. त्याच धोरणात आपले प्रत्युत्तर प्रचंड असेल असेही म्हटले आहे. ते प्रत्युत्तर ज्या शहरांवर कोसळेल तिथेही शाळा सुटत असतील, प्रसूतिगृहांत बाया असतील. सभांमध्ये अणुबॉम्बच्या नावावर टाळ्या पडतात तेव्हा मला संताप येतो.